कागदावर एक ओहम

गेल्या वर्षी जूनच्या अखेरीस आई म्हणाली, "अरे, मोरीतल्या नळाला मुंग्या येतात."

मी मोबाईलवर होतो. वलवणच्या बाजूला झाड पडल्याचे फोटो येत होते, बातमी टाकायची घाई होती. म्हणलं, "आई, या वयात हाताला मुंग्या येतातच. बी ट्वेल्वची गोळी घेतेस ना?"

पुढच्या आठवड्यात तिनं परत सांगितलं. मी परत गोळीचंच विचारलं. तिसऱ्यांदा तिनं मला नाही सांगितलं, सुनेला सांगितलं. बायकोनं जाऊन नळाला हात लावला आणि तशीच बाहेर आली. ओल्या हातानं माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "आधी मेन स्विच पाड. मग बोल."

हे लिहायला मला वर्ष लागलं. खरं कारण लाज. मी वीसेक वर्षं मावळात बातमीदारी करतोय. 'विजेचा धक्का लागून मृत्यू' ही बातमी किती वेळा लिहिली ते मोजलेलं नाही. शेतातली मोटर, पत्र्याची शेड, मांडवाचं लायटिंग, बाथरूम. दोन इंचाची सिंगल कॉलम बातमी. नाव, वय, गाव आणि शेवटची ठरलेली ओळ: पोलिसांनी अकस्मात मृत्यूची नोंद केली आहे. त्या घरात अर्थिंग होती का, हे मी एकदाही विचारलं नाही. वीज पडावी तसा शॉक 'बसतो', माणूस 'जातो', असंच आम्ही लिहीत आलो.

जून २०२४ मध्ये दौंड तालुक्यातल्या दापोडीत (आपल्या लोकलवरची दापोडी नव्हे) एकाच घरातले तिघं गेले. आई, वडील आणि मुलगा. कपडे वाळत घालायच्या तारेत वीज उतरली होती. एकाला लागली, वाचवायला दुसरं धावलं, मग तिसरं. ती बातमी वाचून मी 'फार वाईट' म्हणालो आणि पुढच्या बातमीकडे गेलो. त्याच महिन्यात, त्याच पावसात, आमच्या आईचा ओला पंचा रोज कुठं वाळत पडायचा, ते पुढं सांगतो.

वडिलांच्या ओळखीचे एक जुने वायरमन काका आहेत, कामशेतच्या पुढं राहतात. आता काम करत नाहीत, पण माझ्या फोनवर आले. येताना पिशवीत टेस्टर, पक्कड आणि एक जुनं अर्थ टेस्टरचं मशीन.

गिझर चालू केला. टेस्टर गिझरच्या बॉडीला टेकवला. दिवा लख्ख.

काकांनी गिझर बंद करून प्लग काढला, बोर्ड उघडला. हिरवी वायर तर होती. तिच्या मागं मागं जात त्यांनी भिंतीवरची एक टाइल ठोकून बघितली, मग मला विचारून ती काढली. आत त्या हिरव्या वायरचं दुसरं टोक मोकळं लोंबत होतं.

गोष्ट अशी झाली होती. घर २००४ चं. त्या वेळच्या कारागिरानं गिझरची अर्थ वायर खड्ड्यापर्यंत नेण्याऐवजी जवळच्या लोखंडी पाण्याच्या पाइपला गुंडाळली. तेव्हा सर्रास असंच करायचे. पाइप जमिनीत जातो, म्हणजे अर्थ झालीच. पाण्याचा पाइप हा अर्थिंगचा एकमेव आधार धरू नये, असं मानक सांगतं, पण तेव्हा ते वाचलं कुणी? मग तीन वर्षांपूर्वी आम्ही बाथरूम नवं केलं. गंजका लोखंडी पाइप काढला, सीपीव्हीसीचा टाकला. प्लंबरनं जुना पाइप कापला, वायर सुटली, त्यावर टाइल बसली. प्लंबरला वायरशी घेणं नाही, टाइलवाल्याला दोन्हीशी नाही. इलेक्ट्रिशियनला पाइप बदलल्याचं कुणी सांगितलं नाही. मी घरमालक. मी टाइलचा रंग निवडत होतो.

तुमच्याही घरात गेल्या दहा-पंधरा वर्षांत लोखंडी पाइप जाऊन प्लास्टिकचा आला असेल, तर हा एवढा परिच्छेद परत वाचा. पाइप बदलला त्या दिवशी कदाचित तुमची अर्थिंगही गेली.

त्यात गिझरच्या एलिमेंटची नळी गंजून तडकली होती. म्हणजे आतली वीज पाण्यात आणि टाकीच्या पत्र्यात उतरत होती. अर्थ वायर जागेवर असती, तर तिला जमिनीत जायला सोपी वाट मिळाली असती. वाट नव्हती, म्हणून ती थांबून राहिली. कुणीतरी हात लावायची वाट बघत.

"मग आईला नुसत्या मुंग्याच का आल्या?" मी विचारलं.

"तुझ्या त्या प्लास्टिकच्या पाइपानं वाचवलं," काका म्हणाले. "गिझरपासून नळापर्यंत पाइपातलं पाणीच तेवढं वीज आणत होतं. बारीक पाइपातलं पाणी वीज लई थोडी नेतं. म्हणून नळाला मुंग्या. पण गिझरच्या खालची ही स्टीलची कनेक्शन पाइप आहे ना, हिच्यात पुरी दोनशे तीस आहे."

आई दारात उभी होती. हळूच म्हणाली, "मी पंचा त्याच्यावरच टाकते. गरम असतो, लवकर वाळतो."

कुणी काही बोललं नाही. आईची जुनी सवय, आंघोळीला बसण्याआधी गिझरचं बटण बंद करायचं. बंबाच्या काळातली बाई, विजेचा तिला मुळातच भरवसा नाही. पंचा टाकायची तेव्हा बहुतेक वेळा बटण बंद असायचं. बहुतेक वेळा.

आता थोडा हिशेब. शाळेत ओहमचा नियम शिकलो, पेपरात पाच मार्कांना लिहिला आणि विसरलो. ओल्या अंगाचा, अनवाणी माणसाचा विरोध साधारण हजार ओहम धरतात. घरातला दाब २३० व्होल्ट. म्हणजे अंगातून जाऊ शकतात २३० मिलिअँपिअर. दहा-पंधरा मिलिअँपिअरलाच स्नायू आखडतात, धरलेली वस्तू सोडता येत नाही. त्याच्या पुढं, शंभराच्या आसपास, काही सेकंद जरी छातीतून गेले तरी हृदयाची लय विस्कटते.

आणि आपला एमसीबी कितीला पडतो? गिझरचा असतो १६ अँपिअरचा. म्हणजे १६,००० मिलिअँपिअर. माणूस मरून पडेल, तरी एमसीबीला काही झाल्याचं कळणार नाही. त्याचं काम वायर जळू न देणं. माणूस त्याच्या हिशेबातच नाही. 'आमच्याकडं सगळे एमसीबी आहेत' असं म्हणणाऱ्या प्रत्येकानं हे लक्षात ठेवावं. मीही तेच म्हणत होतो.

काका म्हणाले, "आलोच आहे तर तुझा अर्थिंगचा खड्डा बघू."

खड्डा घराच्या पुढच्या कोपऱ्यात, पार्किंगच्या फरशीखाली. वर सिमेंटचं झाकण, त्यावर सुबक अक्षरात 'अर्थ'. काकांनी अंगणात खुंट्या रोवल्या, मशीनच्या वायरी जोडल्या, आकडा वाचला. ३८ ओहम.

मी कपाटातून घराची फाइल काढली. वीजजोडणी घेताना ठेकेदारानं दिलेला टेस्ट रिपोर्ट त्यात जपून ठेवला होता. सही, शिक्का, परवाना नंबर सगळं जागच्या जागी. अर्थिंगचा आकडा पेनानं भरलेला: १ ओहम.

काका हसले. "मावळात एक ओहम? खाली कातळ आहे बाबा. हा आकडा टेबलावर मोजलाय."

उकरलं तर खड्ड्यात जेमतेम दोन फुटी पाइपचा तुकडा निघाला. भारतीय मानकात पाइपची अर्थिंग किमान अडीच मीटर खोल सांगितलीय. प्लेट लावायची तर ६० बाय ६० सेंटिमीटरची आणि तिचं वरचं टोक जमिनीखाली किमान दीड मीटर. आमच्याकडं तीन फुटांवर कातळ लागला, खणणारा कंटाळला असणार. पाइप कापला, मीठ-कोळसा टाकला, झाकण लावलं. त्यातलं मीठ तर लोणावळ्याच्या पावसानं पहिल्या काही वर्षांतच धुऊन नेलं असेल.

या कातळाची गंमत बघा. हा पाणी धरतो, वर चार हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस पडतो आणि खाली कोकणाचा सरळ कडा. म्हणून तर टाटांनी इथं धरणं बांधली. आमच्या डोंगरावरचं पाणी खोपोलीला सोडून १९१५ साली मुंबईला वीज दिली. देशात वीज म्हणजे नवल होतं तेव्हापासून हा भाग वीज बनवतोय. पण ज्या कातळानं पाणी धरलं, तोच वीज सहजासहजी जमिनीत उतरू देत नाही. पावसाळ्यात माती भिजते तेव्हा आकडा जरा बरा येतो, एप्रिल-मे मध्ये चढतो. म्हणून मोजायचं तर उन्हाळ्यात मोजावं. आमचे ३८ भर पावसातले होते.

३८ ओहमचा अर्थ काय? गिझरची बॉडी फेजला चिकटली, तर जमिनीत जातील फार तर सहा अँपिअर. १६ चा एमसीबी सहाला पडत नाही. म्हणजे वायर तुटली नसती, तरी बॉडी जिवंतच राहिली असती आणि मीटर फिरत राहिलं असतं.

मी म्हणलं, "पण काका, मागं एकानं बल्ब लावून दाखवला होता. फेज आणि अर्थमध्ये बल्ब लख्ख पेटला. म्हणाला अर्थिंग एकदम ओके."

"शंभरच्या बल्बला अर्धा अँपिअरसुद्धा लागत नाही. बल्ब पेटणार नाही तर काय? बल्ब पेटला म्हणजे कुठंतरी जोड आहे, एवढंच. किती दमाचा जोड आहे ते बल्ब सांगत नाही."

ही बल्बची परीक्षा मी वडगाव, तळेगाव, लोणावळा, सगळीकडं बघितलीय. तुम्हीही बघितली असेल. ती पुरेशी नाही.

नवा खड्डा मागच्या परसात घेतला. धुण्याचं पाणी तिथं मुरतं, माती खोल आहे, ओल टिकते. अडीच मीटरचा पाइप गेला. आकडा आला ६ ओहम. मी खूश झालो. काका म्हणाले, "हुरळू नको. सहाला अडतीस अँपिअर जातील. एमसीबी पडेल, पण लगेच नाही, वेळ घेईल. तेवढ्या वेळात काय व्हायचं ते होतंय. आता आरसीसीबी बसव."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. आरसीसीबी ही मेन बोर्डातली एक रुंद डबी, तिच्यावर 'टी' किंवा 'टेस्ट' लिहिलेलं छोटं बटण असतं. ती एकच काम करते. फेजमधून जेवढी वीज गेली, तेवढीच न्यूट्रलमधून परत आली का, ते सतत बघते. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे वीज भलत्या वाटेनं जातेय, की डोळ्याचं पातं लवायच्या आत पुरवठा तोडते. ती भलती वाट म्हणजे कधी भिंतीतली ओल असेल, कधी तुमची आई.

मग नुसती आरसीसीबी लावली आणि अर्थिंग नसली तर? तेव्हा गळती आधी कळत नाही. माणसानं हात लावला, त्याच्या अंगातून वीज गेली, की मगच ती पडते. जीव बहुतेक वाचतो, पण झटका बसतोच. अर्थिंग असली तर बिघाड होतो त्याच क्षणी पडते, माणूस मध्ये यावाच लागत नाही. म्हणून दोन्ही हवं.

हे काही माझ्या मनचं नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा नियमांत, अगदी लहान जोडण्या सोडल्या, तर अशा गळती-संरक्षणाची अट आहे. २०२३ मध्ये नवे नियम आले, त्यांतही आहे. पुरवठादारानं ग्राहकाच्या जागेत अर्थचा जोड करून द्यायचा, हेही नियमात आहे. आपल्या मीटरपाशी तो आहे का, कधी बघितलंय?

आता इथून पुढं प्रश्न माझ्या एकट्याच्या घराचा राहत नाही.

आरसीसीबी बसवल्यावर आठ दिवसांत ती तीनदा पडली. एकदा गच्चीवरच्या दिव्याच्या बोर्डात पाणी, एकदा जुना मिक्सर, एकदा इन्व्हर्टरवाल्यानं न्यूट्रल भलतीकडं जोडलेला. प्रत्येक वेळी खरा दोष सापडला. पण पहिल्या रात्री अंधारात बसलो असताना शेजारच्या इलेक्ट्रिशियननं फोनवर काय सांगितलं? "साहेब, आपल्याकडं पावसाळ्यात हे पडणारच. बायपास करून टाकू का?"

हा सल्ला लोणावळ्यात रोज दिला जातो आणि रोज ऐकला जातो. त्यानंतर मी मुद्दाम बघायला लागलो. भाड्यानं देतात त्या दोन बंगल्यांत बोर्डात आरसीसीबी दिमाखात बसलेली, वायर मात्र तिला वळसा घालून गेलेली. बाथरूममध्ये गिझर. शनिवार-रविवारी वीस-वीस माणसं, ओली, स्विमिंग पुलातून तशीच बाथरूमात जाणारी. पवना धरणाकाठी तंबूंच्या मागं पत्र्याच्या न्हाण्या आहेत, तिथं बादलीत रॉड टाकलेला, पिन तोडून दोन पिनच्या सॉकेटात खुपसलेली. पोरं पाणी तापलं का ते बोट घालून बघतात.

पाहुणा विचारतो वायफाय आहे का, पूल किती फूट, जेवणात चिकन आहे का. अर्थिंगचा आकडा कोण विचारणार? मालक मुंबईत, एजंट फोनवर, केअरटेकर गावातलाच एखादा पोरगा. काही झालं तर पोलीस स्टेशनच्या चकरा त्यालाच.

माझी मागणी साधी आहे. जोडणी देताना घेतला जाणारा टेस्ट रिपोर्ट घरी येऊन, मशीन लावून मोजलेला असावा. ज्यानं मोजलं त्यानं तारखेसह आकडा मीटरपाशी लिहावा. गॅस सिलिंडरवर तारीख असते, अग्निशामक नळकांड्यावर असते, मग अर्थिंगच्या खड्ड्यावर का नसावी? आणि जो बंगला, तंबू, होमस्टे पैसे घेऊन माणसं ठेवतो, त्यानं दरवर्षी पावसाळ्याआधी हा आकडा आणि आरसीसीबी दोन्ही तपासून दाखवावं. नगरपरिषद असो की ग्रामपंचायत, परवानगीच्या कागदांत हा एक कागद वाढवायला काय लागतं? फक्त तो माझ्या फाइलीतल्या कागदासारखा नको.

तोवर आपण आपल्या घरात करायच्या गोष्टी:

१) नळ, गिझर, फ्रिज, वॉशिंग मशीन, कशालाही हात लावून झिणझिण्या आल्या तर तो तुमच्या वयाचा दोष नाही. मेन बंद करा, दाखवा, मगच वापरा. घरातली बाई किंवा पोर सांगत असेल तर पहिल्याच वेळी ऐका.

२) बोर्डात टेस्टचं बटण आहे का बघा. असेल तर महिन्यातून एकदा दाबा. पडली पाहिजे. नाही पडली तर ती शोभेची आहे. नसेल तर ३० मिलिअँपिअरची बसवा. पण बटण दाबून पडली म्हणजे अर्थिंग चांगली, असा अर्थ काढू नका. ते वेगळं मोजावं लागतं.

३) बाथरूममध्ये साधा सॉकेट नको. मानकात टब-शॉवरच्या जागेभोवती सव्वादोन मीटर उंचीपर्यंत आणि त्याबाहेर आणखी ६० सेंटिमीटरचा पट्टा धरलाय, तिथं साधा सॉकेट चालत नाही. आपली बाथरूमं चार बाय सहाची, म्हणजे सगळीच त्या पट्ट्यात. गिझरचा स्विच बाहेर, तोही फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा डबल पोल. आणि तरीही बंद करूनच आंघोळ. आईची पद्धत बरोबर होती.

४) तिसरी पिन तोडू नका. कुणी सॉकेटच्या आत न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडून 'अर्थिंग करून दिली' म्हणाला, तर त्याला हात जोडून घरी पाठवा. न्यूट्रल कुठं तुटला तर सगळ्या पत्र्यांत वीज येईल.

५) भाड्यानं राहत असाल तर घरमालकाला लेखी विचारा. व्हॉट्सअ‍ॅपवर चालेल.

माझा सगळा खर्च, नवं एलिमेंट, खड्डा, वायर, आरसीसीबी धरून, साडेनऊ हजार आला. त्या बाथरूमच्या टाइल्सना याच्या कितीतरी पट मोजले होते.

आणि एक मी स्वतःसाठी ठरवलंय. विजेच्या अपघाताची विद्युत निरीक्षकाकडून चौकशी व्हायची तरतूद वीज कायदा २००३ च्या कलम १६१ मध्ये आहे. इथून पुढं शॉकची बातमी लिहिताना अर्थिंग होती का, आरसीसीबी होती का आणि निरीक्षकांचा अहवाल काय आला, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय बातमी संपवायची नाही. अहवाल तीन महिन्यांनी आला, तर तीन महिन्यांनी परत लिहायचं.

तो एक ओहमचा कागद मी फाइलीतून काढून मीटरशेजारी चिकटवलाय. त्याखाली काकांच्या अक्षरात ३८, मग ६ आणि तारखा. या मे महिन्यात परत मोजलं, ९ आलं. पावसाआधी खड्ड्यात पाणी टाकायला सांगितलंय.

टेस्टचं बटण आईनं स्वतःकडं घेतलंय. तारीख लक्षात राहत नाही म्हणून तिनं संकष्टी धरली. दर संकष्टीला चंद्रोदयाच्या आधी ती स्टुलावर चढते, बटण दाबते, घर अंधारतं आणि माझ्या पोराचा आतून आरडाओरडा सुरू होतो, कारण त्याचं वायफाय जातं.

तुमच्या घराचा आकडा काय आला ते मला कळवा. मावळातले शंभर आकडे जमले की ते घेऊन मी संबंधित कार्यालयांत जाणार आहे. मोजलेलेच पाठवा.